नाकातले पाणी खरोखर मेंदूतून येते का? पडशाविषयीच्या एका जुन्या समजुतीचा इतिहास

#इतिहासथ्रेड

१/
"सर्दी डोक्यात गेली आहे." "डोक्यात सर्दी साचली आहे, एकदा मोकळी झाली की बरे वाटेल." ही वाक्ये आपल्या प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी उच्चारली गेली आहेत. ती उच्चारताना आपण शरीराचा एक नकाशाच मांडत असतो. सर्दी वर, डोक्यात साठते आणि तेथून खाली नाकात उतरते, असा तो नकाशा. तो चुकीचा आहे. मात्र याच नकाशावर युरोप आणि पश्चिम आशियातील वैद्यकाने सुमारे दोन हजार वर्षे वाटचाल केली. तो कसा तयार झाला, इतका का टिकला आणि कोणी खोडला, हे या थ्रेडमध्ये पाहू.

२/
प्रारंभ ग्रीसपासून करू. इ. स. पू. पाचव्या-चौथ्या शतकांतील ज्या वैद्यकीय ग्रंथांना हिपोक्रॅटिसचे नाव जोडले जाते, त्यांत मस्तक हे कफाचे कोठार मानले आहे. यांपैकी एका ग्रंथात मस्तकातून खाली वाहणारे सात प्रवाह सांगितले आहेत. नाक, कान, डोळे, छाती अशी त्यांची ठिकाणे. प्रवाह नाकात उतरला तर पडसे, छातीत उतरला तर खोकला. अनेक रोगांचे मूळ एकच, आणि ते मस्तकात. 'खाली वाहणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासूनच 'कॅटार' हा शब्द आला. डॉक्टरांच्या तोंडी तो आजही ऐकू येतो.

३/
ॲरिस्टॉटलने या कल्पनेला निसर्गातील उपमा दिली. त्याच्या मते मेंदू हा शरीरातील थंड अवयव. जमिनीवरील वाफ वर जाते, थंड होते आणि पाऊस होऊन परतते; त्याचप्रमाणे अन्नातून निघालेली वाफ मस्तकाकडे चढते, मेंदूच्या गारव्याने तिचे पाणी होते आणि ते खाली ओघळते. पडसे म्हणजे जणू देहातला पाऊस. कल्पना देखणी होती आणि सहज पटणारीही, त्यामुळे तिची शहानिशा करावी असे फारसे कोणाला वाटले नाही.

४/
तिला शरीररचनेचा आधार दिला तो गेलनने. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील हा पर्गामॉनचा वैद्य पुढे रोममध्ये नावारूपाला आला. त्याने सांगितले की मेंदूच्या कार्यातून टाकाऊ द्रव्य निर्माण होते. त्यातील विरळ भाग वाफेच्या रूपाने कवटीच्या सांध्यांमधून बाहेर पडतो. दाट भाग खाली उतरतो. उतरण्याच्या वाटा दोन. एक मेंदूच्या तळाशी असलेल्या नरसाळ्यातून, त्याखालच्या लहानशा ग्रंथीमार्गे टाळूकडे. दुसरी नाकाच्या छताशी असलेल्या सच्छिद्र हाडातून थेट नाकात.

५/
या हाडाचे शास्त्रीय नाव 'एथमॉइड', म्हणजे ग्रीकमध्ये 'चाळणीसारखे'. वाळलेली कवटी हातात घेऊन आत डोकावलात, तर नाकाच्या वर खरोखरच बारीक छिद्रांची चाळणी दिसते. वर मेंदू, खाली नाक, मध्ये चाळणी. मग वरचे पाणी गाळून खाली येत असणार, हे अनुमान किती स्वाभाविक होते पाहा. गेलनला आज मूर्ख ठरवणे सोपे आहे; तथापि त्याच्या हाती असलेला पुरावा पाहिला की त्याचे अनुमान समजते.

६/
शिवाय रुग्णाचा अनुभवही त्याच्याच बाजूने साक्ष देत होता. आधी डोके जड होते, कपाळ ठणकते, खाली वाकले की भुवयांमागे काहीतरी सरकल्यासारखे वाटते. मग नाक वाहू लागते आणि डोके हलके होते. ज्याला हे होते त्याला कोणी सांगावे लागत नाही की डोक्यात काही साचले होते आणि ते निघून गेले. सिद्धान्ताला रोग्याच्या वेदनेचाच दुजोरा होता. तो इतका टिकण्याचे मोठे कारण मला हेच वाटते.

७/
ही कल्पना अरबी वैद्यकात गेली. तेथील शब्द पाहा: 'नज़ला'. अरबी 'नज़ल' म्हणजे उतरणे. युनानी परंपरेत मस्तकातून उतरणारा स्राव नाकावाटे आला तर 'ज़ुकाम' आणि घशाकडे, छातीकडे गेला तर 'नज़ला', असा भेद करतात. हिंदी-उर्दूतील 'नज़ला-ज़ुकाम' ही जोडी आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ग्रीक 'कॅटार' आणि अरबी 'नज़ला' यांचा मूळ अर्थ जवळजवळ एकच: जे वरून खाली येते ते.

८/
आता आपल्याकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नाकाचे एकतीस रोग सांगितले आहेत. त्यात नाक चोंदणे आहे, रात्री विशेष वाहणारा पाण्यासारखा स्राव आहे, दुर्गंधी आहे, नाकात वाढणारे मांसल कोंब आहेत. प्रतिश्यायाचे, म्हणजे पडशाचे, पाच प्रकार स्वतंत्र अध्यायात दिले आहेत. आपला 'पडसे' हा शब्द याच 'प्रतिश्याया'चा वंशज मानला जातो. लक्षणांचे हे वर्गीकरण करणारा वैद्य रुग्णाचे बारकाईने निरीक्षण करत होता, यात शंका नाही.

९/
या एकतीस रोगांतील एकाचे नाव आहे 'भ्रंशथु'. मस्तकात आधीपासून साचलेला दाट, खारट कफ उष्णतेने पातळ होऊन नाकावाटे गळून पडतो, असे त्याचे वर्णन आहे. 'भ्रंश' म्हणजे खाली पडणे. ग्रीक, अरबी, संस्कृत, तिन्ही भाषांत तीच दिशा! येथे सावधगिरी हवी. आयुर्वेदातील कफ म्हणजे गेलनच्या 'मेंदूतील टाकाऊ द्रव्या'ची प्रत नव्हे. दोन्हींच्या चौकटी निराळ्या आहेत. मात्र साठा मस्तकात आणि वाट नाकातून, हा नकाशा दोन्हीकडे आढळतो. माणसाचे डोके सगळीकडे सारखेच दुखते, हेही त्यामागचे एक कारण असावे.

१०/
नकाशा चुकला की उपचारही चुकतात. साठा मस्तकात असेल, तर मस्तक रिकामे करायला हवे. म्हणून शिंका आणणारी चूर्णे देत. प्रवाह अडवायला हवा, म्हणून डोक्याच्या कातडीला छेद देत, डागण्या देत. सतराव्या शतकातील युरोपात मानेच्या मागे कातडीतून दोरा ओवून जखम मुद्दाम वाहती ठेवत. हेतू हा, की मस्तकातील दूषित द्रव्य नाकाऐवजी तेथून निघून जावे. तंबाखू युरोपात पोहोचल्यावर तपकिरीलाही याच तर्काने औषधाचा मान मिळाला. आपल्याकडे तपकीर ओढून "डोकं मोकळं झालं" म्हणणारे आजोबा नकळत याच विचाराचे वारसदार होते.

११/
आता कथेतले दुसरे पात्र: सायनस. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पोकळी, खोबण, समुद्राची खाडी. गालांच्या हाडांत, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि कवटीच्या तळाशी खोलवर अशा हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. आपण "मला सायनस झाला आहे" म्हणतो. वस्तुतः सायनस होत नाही, तो असतोच. होतो तो त्याचा दाह. गालातील पोकळी सुजली तर वरचे दात दुखल्यासारखे वाटतात, कपाळातील सुजली तर भुवयांच्या वर ठणका लागतो, डोळ्यांमधली सुजली तर नाकाच्या मुळाशी दाब जाणवतो.

१२/
या पोकळ्यांची अत्यंत सुंदर आरंभीची चित्रे लिओनार्दो दा विंचीने १४८९ च्या सुमारास काढली. कवटीचा अर्धा चेहरा कापून त्याने गालाची आणि कपाळाची पोकळी उघडी करून दाखवली. गालाच्या पोकळीत दातांच्या मुळांना पोसणारा द्रव असतो, असा त्याचा समज होता. ही चित्रे त्याच्या खासगी कागदपत्रांतच राहिली. शतकानुशतके ती वैद्यांपर्यंत पोहोचलीच नाहीत, त्यामुळे वैद्यकाच्या वाटचालीवर त्यांचा परिणाम झाला नाही.

१३/
१५४३ मध्ये आंद्रेआस व्हेसॅलियसचा मानवी शरीररचनेवरील महाग्रंथ प्रसिद्ध झाला. गेलनच्या कित्येक चुका त्याने उघड केल्या. तरीही मेंदूच्या तळाशी असलेल्या त्या लहान ग्रंथीबाबत तो जुन्याच वाटेने गेला: मेंदूतील कफ स्वीकारणारी ग्रंथी. कफाला लॅटिनमध्ये 'पिट्युइटा' म्हणतात, त्यावरूनच 'पिट्यूटरी'. अवघ्या देहाच्या अंतःस्रावांचे नियंत्रण करणाऱ्या ग्रंथीला युरोपने शेंबडाचे नाव दिले. आपल्या पाठ्यपुस्तकांनी मात्र तिला 'पियूषिका', म्हणजे अमृताशी नाते सांगणारे नाव दिले. एकाच ग्रंथीची ही दोन टोके!

१४/
१६५१. इंग्लंडमधील शेरबोर्न या गावी वैद्यकी करणाऱ्या नॅथॅनियल हायमोरने आपला शरीररचनेचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या विल्यम हार्वे यांना तो अर्पण केला. त्यात गालाच्या पोकळीचे सविस्तर वर्णन आहे आणि एका स्त्रीरुग्णाची हकिकत आहे. या स्त्रीचा वरचा सुळा काढला होता. त्या खड्ड्यातून सतत द्रव पाझरू लागला. हे येते तरी कुठून, हे पाहावे म्हणून तिने त्यात चांदीची सळई घातली. ती थेट डोळ्याच्या दिशेने वर गेली.

१५/
मग तिने पिसाची दांडी घातली. तीही आत जातच राहिली. ती स्त्री भयभीत झाली. आपण मेंदूपर्यंत पोहोचलो, असे तिला वाटले. तिच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. सगळे जाणकार सांगत आले आहेत की नाकातले पाणी मेंदूतून येते. आणि येथे आपल्या दाताच्या खड्ड्यातून काहीतरी वाहते आहे आणि सळईला अंत लागत नाही. हायमोरने तिला समजावले की ती गालाच्या हाडातील पोकळी आहे, ती प्रत्येकाला असते, मेंदूशी तिचा संबंध नाही. त्या पोकळीला पुढे दीर्घकाळ 'हायमोरचे विवर' म्हटले गेले. एका भ्यालेल्या रुग्णाची समजूत काढण्यासाठी शरीररचनेचे ज्ञान उपयोगी पडले, हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो.

१६/
चाळणीचे रहस्य मात्र अजून उलगडायचे होते. फ्लँडर्समधील यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोंट याने कॅटारचा सिद्धान्त म्हणजे निव्वळ वेडगळपणा आहे, असे आधीच लिहून ठेवले होते. ते लेखन त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु टीका करणे वेगळे आणि वाट बंद आहे हे दाखवणे वेगळे. ते काम केले जर्मनीतील विटेनबर्ग विद्यापीठातील प्राध्यापक कॉनराड व्हिक्टर श्नायडर याने. १६५५ मध्ये त्याने त्या चाळणीच्या हाडावरच स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि १६६० पासून कॅटारवरील आपला अतिविस्तृत ग्रंथ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला.

१७/
श्नायडरचे म्हणणे थोडक्यात असे: चाळणीची छिद्रे वाळलेल्या कवटीत रिकामी दिसतात, देहात ती रिकामी नसतात. त्यांतून वासाच्या मज्जातंतूंचे धागे खाली येतात आणि आवरणांनी ती छिद्रे बुजलेली असतात. मेंदूतून नाकात द्रव उतरायला तेथे वाटच नाही. मग नाकातला स्राव येतो कुठून? नाकाच्या आतील ओलसर अस्तरातूनच. सुमारे पंधराशे वर्षांच्या भ्रमाचे एक मूळ इतके साधे होते. वाळलेल्या हाडाकडे पाहून ओल्या देहाविषयी निष्कर्ष काढला गेला होता.

१८/
१६७२ मध्ये इंग्लंडमधील रिचर्ड लोअरने छोटासा प्रबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच निष्कर्ष होता: कॅटार मेंदूतून येत नाही. हाच लोअर प्राण्यांमधील आणि पुढे माणसावरील रक्तसंक्रमणाच्या आरंभीच्या प्रयोगांसाठी ओळखला जातो. श्नायडर आणि लोअर यांच्यानंतर विद्वानांच्या जगात जुना सिद्धान्त निराधार झाला. उपचार मात्र लगेच बदलले नाहीत. शिंकांची चूर्णे, मानेतले दोरे आणखी बराच काळ चालू राहिले. श्नायडरची स्मृती एका शब्दात उरली आहे. वरच्या जबड्यात कृत्रिम दात रोवताना दंतवैद्य सायनसच्या ज्या पातळ अस्तराला जपतात, त्याला आजही 'श्नायडरचे आवरण' म्हणतात.

१९/
एक विलक्षण अपवाद सांगायलाच हवा. क्वचित, विशेषतः डोक्याला मार लागल्यावर, चाळणीच्या हाडाला किंवा त्याच्या आसपास तडा जातो, आवरण फाटते आणि मेंदूभोवतीचे पाणी खरोखरच नाकातून गळू लागते. ब्रिटिश शल्यचिकित्सक सेंट क्लेअर थॉमसन यांनी १८९९ मध्ये अशा आपोआप होणाऱ्या गळतीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हे पाणी स्वच्छ असते, बहुधा एकाच नाकपुडीतून येते, पुढे वाकल्यावर वाढते. असे लक्षण दिसल्यास विलंब न करता डॉक्टरांकडे जावे, कारण त्या वाटेने जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतात. गेलनने नियम म्हणून सांगितलेली गोष्ट प्रत्यक्षात दुर्मीळ आणि धोक्याची घटना निघाली.

२०/
नाक वाहण्याचे कारण नेहमी आतच असते असेही नाही. नवव्या-दहाव्या शतकांतील इराणी वैद्य अल-राझी याने अबू झैद अल-बल्खी या विद्वानाला वसंतात गुलाबांच्या गंधाने होणाऱ्या नज़ल्यावर टिपण लिहिले आहे. १८१९ मध्ये लंडनच्या जॉन बॉस्टॉकने दर उन्हाळ्यात आपल्याला होणारा त्रास सर्वांपुढे मांडला: डोळ्यांना खाज, शिंकांची माळ, वाहते नाक. १८७३ मध्ये मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीने स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की यामागे गवताचे परागकण आहेत. आज आपण ज्याला नाकाची ॲलर्जी म्हणतो, तिची ओळख अशी हळूहळू पटत गेली.

२१/
सायनसमधील पू काढण्याचे प्रयत्नही चालू होते. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील विल्यम काउपर दाढ काढून त्या खड्ड्यातून गालाची पोकळी मोकळी करत असे. हायमोरच्या रुग्णाच्या बाबतीत जे आपोआप घडले, ते आता हेतुपूर्वक होऊ लागले. १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज काल्डवेल याने आणि १८९७ मध्ये पॅरिसच्या आँरी ल्यूकने ओठाखालून हाड उघडून पोकळी स्वच्छ करण्याची आणि नाकात खालच्या बाजूला नवी खिडकी पाडण्याची पद्धत मांडली. दोघांच्या नावाने ओळखली जाणारी ही शस्त्रक्रिया विसाव्या शतकात दीर्घकाळ प्रचलित होती.

२२/
खिडकी खाली पाडण्यामागचा तर्क सरळ होता: पाणी खाली वाहते. येथे पुन्हा तोच 'खाली उतरण्याचा' नकाशा डोकावतो! गालाच्या पोकळीचे नैसर्गिक दार तर तिच्या तळाशी नाही, वरच्या भागात आहे. मग स्राव वर कसा चढतो? अस्तरावर अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. ते सतत लाटेसारखे हलत स्राव दाराकडे ढकलत नेतात. विसाव्या शतकात अमेरिकेतील अँडरसन हिल्डिंग आणि पुढे ऑस्ट्रियातील ग्रात्स येथील वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी या वाटा बारकाईने अभ्यासल्या.

२३/
मेसरक्लिंगर यांना दिसले ते थक्क करणारे होते. खाली नवी खिडकी पाडली तरी स्राव तिला वळसा घालून वरच्या जुन्या दाराकडेच जातो. म्हणजे अडचण असते ती त्या अरुंद दारापाशी. तेथे सूज आली की आतली पोकळी तुंबते. १९७८ मध्ये त्यांचा दुर्बिणीने नाक तपासण्यावरील ग्रंथ इंग्रजीत आला आणि १९८० च्या दशकात नैसर्गिक दार मोकळे करणारी दुर्बिणीची शस्त्रक्रिया जगभर पसरली. श्नायडरने विचारलेला प्रश्नच पुन्हा विचारला गेला होता: स्राव कुठून येतो, आणि नेमक्या कोणत्या वाटेने जातो?

२४/
आजचे चित्र थोडक्यात. बहुतांश सायनस-दाह विषाणूंच्या साध्या सर्दीतून सुरू होतात आणि आपोआप बरे होतात. नाक चोंदणे, गालांत वा कपाळात दुखणे, घट्ट स्राव, वास न येणे ही मुख्य लक्षणे. स्राव पिवळा-हिरवा झाला म्हणजे प्रतिजैविके हवीतच असे नाही. त्रास दहा दिवसांत कमी झाला नाही, किंवा बरे वाटता वाटता पुन्हा बिघडले, तर जिवाणूंची शंका घेतात. बारा आठवड्यांपेक्षा अधिक चालला तर तो जुनाट दाह. डोळ्याभोवती सूज, दृष्टीत फरक, तीव्र डोकेदुखीसह ताप असल्यास तातडीने डॉक्टर गाठावेत.

२५/
इतिहास वाचताना आपल्याला जुन्या चुकांवर हसण्याचा मोह होतो. या प्रकरणात मात्र चूक करणारे आंधळे नव्हते. त्यांनी रुग्णाचे ऐकले, लक्षणे नोंदवली, हाडही पाहिले. फक्त वर आणि खाली यांच्यामधली ती वाट खरोखर उघडी आहे का, हे तपासायचे राहून गेले, आणि त्यापायी कित्येकांनी डागण्या सोसल्या. पुढच्या वेळी "सर्दी डोक्यात गेली" असे कोणी म्हणाले, तर त्याला दुरुस्त करण्याची घाई करू नका. वाफेचे भांडे पुढे ठेवा, आणि तो वाफ घेत असताना त्याला हायमोरच्या रुग्णाची गोष्ट सांगा.

थ्रेड समाप्त. तुमच्या घरी पडशासाठी कोणते जुने शब्द वापरतात, ते खाली अवश्य लिहा.